बॉल फिटिंग : चेंडूची निवड ड्रायव्हरपासून नको, ग्रीनपासून हवी

गोल्फ खेळणारा माणूस ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या) शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, कडकपणा, आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) लाय, म्हणजे जमिनीशी दांड्याचा कोन, आणि ग्रिपची जाडी यांवर तासन्‌तास चर्चा करतो, फिटरकडे, म्हणजे साधने खेळाडूला जुळवून देणाऱ्याकडे, जाऊन ती सारी मोजमापे करून घेतो, आणि मग बॅगेच्या खिशात हाताला लागेल तो चेंडू काढून पहिल्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, उभा राहतो. बॅगेतल्या चौदा क्लबांपैकी कोणताही क्लब प्रत्येक फटक्याला हातात नसतो. चेंडू मात्र टीवरून मारलेल्या फटक्यापासून शेवटच्या पटपर्यंत, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू होलकडे घरंगळवणाऱ्या फटक्यापर्यंत, तोच असतो. हा चेंडू निवडून देण्याची सेवा, म्हणजेच बॉल फिटिंग, आता तीन प्रकारांनी मिळते : चेंडू बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रश्नावली, बंदिस्त जागेत लाँच मॉनिटरसमोर (चेंडूचा वेग, फिरकी असे आकडे देणाऱ्या यंत्रासमोर) होणारे सत्र, आणि प्रत्यक्ष मैदानावर दोन-तीन चेंडू शेजारी-शेजारी ठेवून केलेली तुलना. हे तिन्ही प्रकार अनुभवल्यावर माझे मत असे झाले आहे की पहिला प्रकार यादी आटोपशीर करण्यापुरता उपयोगाचा आहे, दुसऱ्याचा अर्धा भाग मोलाचा आणि उरलेला अर्धा निव्वळ देखावा आहे, आणि खरा निर्णय तिसऱ्या प्रकारातच होतो. अर्थात हा तिसरा प्रकार शिस्तीने केला नाही तर तोही तितकाच फसवतो, म्हणून त्याविषयी येथे अधिक विस्ताराने लिहिले आहे.

चेंडूंमध्ये फरक कुठे असतो आणि कुठे जवळपास नसतोच, हे आधी पाहिले पाहिजे, कारण फिटिंगची सारी मांडणी त्यावरच उभी राहते. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. चाचणीयंत्रावर चेंडूचा आरंभीचा वेग सेकंदाला २५० फूट आणि त्यावर दोन टक्क्यांची सवलत, एवढाच चालतो. ताशी १२० मैल वेगाने फिरणाऱ्या यांत्रिक क्लबने मारलेला चेंडू एकूण ३१७ यार्डांपलीकडे, आणि तीन यार्डांची सवलत धरली तर ३२० यार्डांपलीकडे जाऊ नये, असाही दंडक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या संस्थांनी अंतर तेच ठेवून चाचणीचा हा वेग ताशी १२५ मैलांवर नेण्याचे जाहीर केले, म्हणजे मर्यादा यापुढे आणखी आवळली जाणार आहे. नामांकित कंपन्या आपले महागडे चेंडू या मर्यादेच्या अगदी कडेपर्यंत आणून ठेवतात, त्यामुळे सर्वोत्तम गटातला एक चेंडू ड्रायव्हरने दुसऱ्यापेक्षा पंचवीस यार्ड पुढे नेईल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. ग्रीनजवळच्या फटक्यावर चेंडूने किती फिरकी घ्यावी यावर मात्र चेंडूच्या नियमांत असे कोणतेही बंधन नाही. फरकाला मोकळे रान मिळते ते येथे.

या फरकाचे मूळ मुख्यतः बाहेरच्या आवरणात असते. स्वस्त आणि मध्यम दराच्या बहुतेक चेंडूंवर आयोनोमर या टणक, चिवट प्लास्टिकचे आवरण असते, तर वरच्या श्रेणीतील चेंडूंवर मऊ युरेथेनचा पातळ थर असतो. वेजने (ग्रीनजवळच्या छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबने) चेंडू मारताना तो क्लबफेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, क्षणभर दबतो. मऊ युरेथेन एका बाजूला फेसवरच्या खाचांत आणि दुसऱ्या बाजूला आतल्या टणक थरावर असे चिमटीत सापडते, फेसला धरून राहते आणि फिरत बाहेर पडते. आयोनोमर त्या मानाने फेसवरून वर सरकते. परिणामी तीस-चाळीस यार्डांच्या पिचवर (ग्रीनकडे उचलून मारलेल्या छोट्या फटक्यावर) युरेथेनचा चेंडू खालून निघतो, एक-दोन टप्पे घेतो आणि थबकतो. आयोनोमरचा चेंडू उंच निघतो, पण पडल्यावर घरंगळत राहतो. ड्रायव्हरच्या फटक्यात मात्र चेंडू गाभ्यापर्यंत दाबला जातो, आणि तेथे आवरणापेक्षा गाभा व मधले थर अधिक बोलतात. एकाच चेंडूने ड्रायव्हरवर कमी फिरकी आणि वेजवर जास्त फिरकी द्यावी, हे अनेक थरांच्या बांधणीमुळे शक्य झाले.

हे फार जुने नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दौऱ्यावरचे बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू रबराचा धागा गुंडाळून केलेला चेंडू वापरत, कारण फिरकी तोच देई. घन गाभ्याचे बहुतेक चेंडू लांब जात, पण ग्रीनवर थांबत नसत. सन २००० च्या मे महिन्यात टायगर वुड्स नायकेच्या टूर अॅक्युरसी या घन गाभ्याच्या चेंडूकडे वळला आणि त्याच जूनमध्ये पेबल बीचवर यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकला. ऑक्टोबरमध्ये लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही१ प्रथमच व्यावसायिकांच्या हाती आला आणि ती स्पर्धा जिंकणारा बिली अँड्रेड तोच चेंडू खेळत होता. त्यानंतर गुंडाळलेला चेंडू पाहता पाहता इतिहासजमा झाला. तोवर निवड सोपी होती, लांबी किंवा फिरकी. आजची निवड बारीक छटांमधली आहे, आणि म्हणूनच तिला फिटिंगची गरज भासते.

आता प्रश्नावलीकडे वळू. टायटलिस्ट, ब्रिजस्टोन, कॅलवे आणि टेलरमेड या सर्वांच्या संकेतस्थळांवर अशी सोय आहे. हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा) किती, ड्रायव्हर किती दूर जातो, चेंडू उंच उडतो की खालून जातो, मऊ स्पर्श आवडतो की टणक, असे काही प्रश्न विचारले जातात आणि शेवटी दोन नावे पुढे येतात. ती दोन्ही नावे त्याच कंपनीची असतात हे सांगायला नको. खरी अडचण अशी की उत्तरे आपली आपणच दिलेली असतात, आणि आपला ड्रायव्हर किती दूर जातो याविषयी कोणाही खेळाडूची स्मृती उदार असते. तरीही कंपनीच्या पाच-सहा मॉडेलांपैकी कोणते कशासाठी बनवले आहे हे येथे समजते, आणि तेवढ्यासाठी दहा मिनिटे खर्च करायला हरकत नाही.

या प्रश्नावल्यांमधून आणि जाहिरातींमधून एक समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. स्विंगचा वेग कमी असेल तर कमी कॉम्प्रेशनचा, म्हणजे मऊ चेंडू घ्यावा, कारण टणक चेंडू 'दाबला जाणार नाही', असे सांगितले जाते. ब्रिजस्टोनने तर आपल्या टूर बी मालिकेची विभागणीच वेगावर केली : आरएक्स आणि आरएक्सएस ताशी १०५ मैलांपेक्षा कमी वेगासाठी, एक्स आणि एक्सएस त्याहून अधिक वेगासाठी. ही विभागणी सुरुवात म्हणून सोयीची असली तरी तिला निसर्गनियम मानू नये. ड्रायव्हरच्या आघातात कोणताही चेंडू कोणत्याही प्रौढ खेळाडूकडून दबतोच. प्रश्न किती दबतो एवढाच असतो. फार मऊ चेंडू आघातात अधिक ऊर्जा गमावतो, म्हणून वेगवान स्विंगवर तो स्पष्टपणे हळू निघतो, आणि संथ स्विंगवर हा तोटा कमी होत जातो. तोटा कमी होणे आणि फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ चेंडूची फिरकीही सर्व क्लबांवर साधारणपणे कमी असते. ज्याचा आयर्न आधीच खालून जातो आणि ग्रीनवरून पलीकडे निसटतो, अशा संथ स्विंगच्या खेळाडूला मऊ चेंडू सुचवणे म्हणजे त्याची अडचण वाढवणे होय, आणि प्रश्नावली नेमके हेच वारंवार करते. शिवाय कॉम्प्रेशनचा आकडा नियमांनी ठरवून दिलेला नाही. तो कोणत्या यंत्रावर मोजला यानुसार बदलतो. प्रो व्ही१ साधारण ९० च्या जवळ आणि प्रो व्ही१एक्स १०० च्या आसपास, एवढे ढोबळ ज्ञान पुरेसे आहे. मऊपणा ही आवडीची बाब म्हणून जरूर विचारात घ्यावी, विशेषतः पटच्या वेळी; वेगाशी तिची सोयरीक जुळवू नये.

दुसरा प्रकार लाँच मॉनिटरचा. पडद्यावर हिरवे मैदान, प्रत्येक फटक्यानंतर दहा-बारा आकडे, शेजारी उभा राहून मान डोलावणारा फिटर, असे हे प्रभावी सत्र असते. त्यातले आकडे कसे मिळतात हे ग्राहकाला माहीत असायला हवे. ट्रॅकमनसारखी यंत्रे मुख्यतः रडारवर चालतात आणि चेंडूचे उड्डाण जितके अधिक दिसेल तितके चांगले मोजतात. बंदिस्त खोलीत चेंडू काही फुटांवरच्या पडद्यावर आदळत असल्याने त्यांना फिरकी नेमकी वाचणे अवघड जाते. यासाठीच टायटलिस्टने आरसीटी या नावाने असे चेंडू काढले की ज्यांच्यातील खूण रडारला स्पष्ट दिसते. फोरसाइटच्या जीसीक्वाडसारखी यंत्रे चार कॅमेऱ्यांनी आघातानंतरच्या क्षणाची छायाचित्रे घेऊन फिरकी मोजतात, पण पुढचे उड्डाण मात्र गणिताने काढतात. म्हणजे खोलीत रडारचे यंत्र असेल आणि तुलनेचे चेंडू साधे असतील, तर वेजच्या फिरकीचा आकडा मोजलेला आहे की अंदाजलेला, हा प्रश्न फिटरला विचारलाच पाहिजे. जो फिटर हा प्रश्न ऐकून आनंदाने उत्तर देतो त्याच्याकडे थांबावे.

अशा एका केंद्रातील सत्राचे वर्णन येथे उपयोगी पडेल, कारण जे तेथे घडले ते इतरत्रही सर्रास घडते. फिटरने आरंभ ड्रायव्हरपासून केला. आधी माझा बॅगेतला वापरलेला चेंडू सलग मारायला लावला, नंतर पाकिटातून काढलेला कोरा चेंडू, मग आणखी एक. प्रत्येक चेंडूची सरासरी काढली आणि सर्वांत दूर गेलेल्या चेंडूवर बोट ठेवले. वेजचे फटके शेवटी उरलेल्या वेळात उरकले गेले, पटचा विषयच निघाला नाही. फिटर विनम्र होता, यंत्र उत्तम होते, आणि तरीही त्या निष्कर्षाला काही अर्थ नव्हता.

याचे कारण साध्या गणितात आहे. ड्रायव्हरचा वेग ताशी १०० मैल असताना फेसच्या मध्यावर बसलेला फटका चेंडूला ताशी १४८ मैलांच्या जवळपास वेग देतो. तोच फटका टोकाकडे किंवा टाचेकडे बोटभर सरकला तर वेग सहज पाच-सहा मैलांनी घटतो. चेंडूच्या वेगातला एक मैल हा ढोबळमानाने दोन यार्डांचा असतो, म्हणजे फक्त फटका कुठे बसला यावरून दहा-बारा यार्डांचा फरक पडू शकतो. वरच्या श्रेणीतल्या दोन चेंडूंमधला ड्रायव्हरवरचा खरा फरक त्याच्या काही हिश्शाइतकाच असतो. मोजक्या फटक्यांच्या सरासरीत तो दिसणे अशक्यप्राय आहे. जे दिसते ते आपल्या स्विंगचे त्या मिनिटाचे चित्र असते. त्यात एक चेंडू संपवून दुसरा सुरू केला की पहिल्याला अंग गरम होण्यापूर्वीचे फटके आणि शेवटच्याला थकलेल्या हातांचे फटके मिळतात. दोन पोती दोन निराळ्या काट्यांवर तोलून कोणते जड हे सांगण्यासारखा हा प्रकार आहे. वापरलेल्या चेंडूची कोऱ्या चेंडूशी तुलना तर कधीच करू नये, कारण आवरणावरचे ओरखडे आणि घासलेला रंग यांचाही परिणाम उड्डाणावर होतो.

असे असले तरी मी लाँच मॉनिटरचे सत्र टाकाऊ ठरवणार नाही. मधल्या आयर्नवर त्याचा उपयोग फार मोठा आहे. सातव्या आयर्नने मारलेल्या चेंडूची फिरकी, त्याची कमाल उंची आणि जमिनीवर उतरण्याचा कोन, हे तीन आकडे मैदानावर डोळ्यांनी ठरवता येत नाहीत आणि ग्रीनवर चेंडू थांबणार की नाही हे त्यांवरच ठरते. पीजीए टूरच्या (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या) खेळाडूंच्या सातव्या आयर्नला मिनिटाला साधारण ७००० आवर्तनांची फिरकी आणि ५० अंशांच्या जवळपास उतरण्याचा कोन असतो. हौशी खेळाडूचा कोन ४० च्या आसपास रेंगाळत असेल तर त्याला ग्रीनच्या मागच्या बाजूची चांगलीच ओळख असते. अशा खेळाडूला उंच उडणारा आणि अधिक फिरकी घेणारा चेंडू काही अंश मिळवून देऊ शकतो, आणि आयर्नच्या फटक्यांत हा फरक ड्रायव्हरपेक्षा कमी फटक्यांत स्थिरपणे दिसतो. म्हणून सत्र घ्यायचे असेल तर फिटरला आधीच सांगावे की वेळेचा मोठा भाग सातव्या आयर्नवर आणि वेजवर खर्च करायचा आहे, चेंडू आलटून पालटून मारायचे आहेत, सर्व चेंडू कोरे हवेत आणि चुकलेले फटके वगळायचे असतील तर त्याचा निकष मारण्यापूर्वी ठरवायचा आहे. मॅटवरच्या वेजच्या आकड्यांवर मात्र थोडे हातचे राखूनच विश्वास ठेवावा. मॅटवर फेस आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येत नाही, दव येत नाही, आणि क्लब किंचित मागे पडला तरी घसरत पुढे जाऊन चांगला आकडा देतो.

तिसरा प्रकार, मैदानावरची शेजारी-शेजारी तुलना, हा खर्चाने सर्वांत हलका आणि फळाने सर्वांत समृद्ध आहे. टायटलिस्टचे फिटिंगचे लोक 'ग्रीनपासून टीकडे' जाण्याचा आग्रह धरतात, आणि त्यांचा स्वार्थ बाजूला ठेवला तरी ही दिशा योग्य आहे, कारण फेरीतले निम्म्याहून अधिक फटके ग्रीनवर आणि त्याच्या आसपास खेळले जातात आणि चेंडूंमधला फरकही तेथेच मोठा असतो.

तुलनेला एका वेळी दोनच चेंडू घ्यावेत. चार-पाच मॉडेले एकत्र पसरली की डोके आठवणींवर चालू लागते आणि नोंदी गोंधळतात. दोघांमधला जो उरेल त्याच्यासमोर पुढचा उमेदवार आणावा. प्रत्येक मॉडेलचे तीन कोरे चेंडू पुरेत. शक्य असेल तर मित्राला सांगून नाव असलेली बाजू खाली येईल अशी मांडणी करून घ्यावी आणि ओळखीसाठी वर फक्त रंगीत ठिपका ठेवावा, कोणता रंग कोणाचा हे शेवटी विचारावे. नाव झाकल्यावर 'हा किती छान सुटतो' ही भावना किती वेळा रंग बदलते हे पाहणे मनोरंजक असते, आणि ज्याला आपल्या आवडत्या ब्रँडविषयी फार खात्री आहे त्याने तर हा प्रयोग आवर्जून करावा.

पहिला फटका ग्रीनच्या कडेवरून पंधरा-वीस यार्डांच्या चिपचा, म्हणजे चेंडू थोडा उचलून पुढे घरंगळू देण्याचा. एक चेंडू या मॉडेलचा, एक त्या मॉडेलचा, पुढच्या जोडीत क्रम उलटा. चेंडू पहिल्यांदा कुठे पडला आणि कुठे थांबला या दोन जागांमधले अंतर पावलांनी मोजून वहीत लिहावे. होलपासून किती दूर राहिला हे मोजण्याची गरज नाही, कारण ते आपल्या निशाण्याचे मोजमाप आहे, चेंडूचे नाही. त्यानंतर चाळीस यार्डांचा पिच, पुढे रफमधून, म्हणजे लांब गवतातून, तोच फटका, मग बंकर (वाळूचा खड्डा). पुढे चेंडू आणि वेज दोन्ही ओले करून एक फेरी अवश्य करावी. पाण्यामुळे फेस आणि चेंडू यांच्यातली पकड सुटते, चेंडू उंच निघतो, फिरकी गळते. कोणत्या आवरणावर ही गळती किती होते हे सकाळच्या दवात खेळणाऱ्याला कोरड्या दुपारच्या आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे. येथेच अनेकांचा निर्णय संपतो. युरेथेन आणि आयोनोमर यांतला फरक तर नवख्यालाही पहिल्या काही चिपमध्ये दिसतो. वरच्या श्रेणीतल्या दोन युरेथेन चेंडूंमधला फरक बारीक असतो, पण जोडी-जोडीने मोजत गेल्यावर एक चेंडू सातत्याने दोन पावले आधी थांबत असल्याचे लक्षात येते.

पट करताना मोजण्यापेक्षा ऐकावे. मऊ चेंडूचा आवाज दबका येतो, टणकाचा टिचकीसारखा, आणि पटरच्या (पट मारण्याच्या क्लबच्या) फेसवर मऊ इन्सर्ट (बसवलेला तुकडा) असेल तर हा फरक बराच झाकला जातो. वेगाचा अंदाज अनेकांच्या बाबतीत कानावर बेतलेला असतो, म्हणून जो आवाज आपल्याला सवयीचा आहे त्यापासून फार दूर जाऊ नये. कॅलवेच्या ट्रिपल ट्रॅकसारख्या रेषांनी काहींना नेम धरायला मदत होते, काहींना त्या विचलित करतात. यात फिटरला काही कळत नाही, खेळणाऱ्यालाच कळते.

नंतर आयर्नचे फटके, आणि तेही शक्यतो वाऱ्याच्या दिवशी. जास्त फिरकीचा, उंच उडणारा चेंडू समोरच्या वाऱ्यात वर चढतो आणि जागीच कोसळतो. कमी फिरकीचा चेंडू वारा कापतो, पण मागून वारा असताना ग्रीनवर थांबत नाही. लाँच मॉनिटरवर सुरेख दिसलेला चेंडू या परीक्षेत कित्येकदा मागे पडतो. ड्रायव्हर सर्वांत शेवटी, आणि तोही एवढेच तपासायला की निवडलेला चेंडू काही विचित्र वागत नाही ना. बहुतेक वेळा तो वागत नाही.

अंतिम दोन चेंडू प्रत्यक्ष फेरीत एक आड एक होलला खेळून पाहता येतात. नियमांनुसार एक होल संपल्यावर दुसऱ्या होलसाठी वेगळा चेंडू घेण्यास मुभा आहे. फक्त स्पर्धेत एकच ब्रँड आणि एकच मॉडेल वापरण्याचा स्थानिक नियम लागू असेल तर ही मुभा राहत नाही, आणि पीजीए टूरवर तो नियम असतो. होल चालू असताना चेंडू चिरला किंवा त्याला तडा गेला तर बदलता येतो, केवळ ओरखडा उमटला म्हणून नाही.

मॉडेलांविषयी माझे मत एकाच वाक्यात मावत नाही, पण तुलना एकाच कंपनीच्या भावंडांपासून सुरू करावी असा माझा आग्रह आहे, कारण ती एकमेकांपासून वेगळी वागावीत म्हणूनच घडवलेली असतात. प्रो व्ही१ मध्यम उंचीवरून जातो. प्रो व्ही१एक्स त्यापेक्षा उंच, अधिक फिरकीचा आणि हाताला टणक आहे. एव्हीएक्स खालून जाणारा, मऊ आणि कमी फिरकीचा आहे. हे तीन चेंडू एका दुपारी शेजारी ठेवले तरी आपण कोणत्या बाजूचे खेळाडू आहोत ते उलगडते. ज्याचा आयर्न खालून जातो त्याला बहुधा व्ही१एक्स लाभतो, मग त्याच्या स्विंगचा वेग काहीही असो, आणि टणक स्पर्शाच्या भीतीने तो नाकारणारे अनेक जण मला चुकीच्या कारणासाठी नाकारतात असे वाटते. ज्याचा चेंडू सर्व क्लबांवर फुगून वर जातो त्याने एव्हीएक्स पाहावा, मात्र ग्रीनजवळ तो थोडी अधिक धाव घेतो हे आधीच स्वीकारून. टेलरमेडच्या पाच थरांच्या जोडीतही असाच विरोध आहे : टीपी५ मऊ आणि अधिक फिरकीचा, टीपी५एक्स टणक आणि वेगवान. दिशा कळली की मग दुसऱ्या कंपनीचा त्याच स्वभावाचा चेंडू, उदाहरणार्थ कॅलवेचा क्रोम टूर एक्स किंवा स्रिक्सनचा झेड-स्टार एक्सव्ही, समोर ठेवून पाहणे सोपे जाते. कंपनी-कंपनीतला फरक हा बहुधा एकाच कंपनीतल्या दोन टोकांमधल्या फरकापेक्षा लहान निघतो.

आयोनोमरच्या चेंडूला मात्र फिटर मंडळी जितक्या तुच्छतेने वागवतात तितका तो वाईट नाही. जो खेळाडू ग्रीनभोवती चेंडू खालून घरंगळत नेणे पसंत करतो, किंवा प्रत्येक फेरीत चार-पाच चेंडू झाडीला आणि पाण्याला अर्पण करतो, त्याने टिकाऊ आवरणाचा साधा चेंडू खुशाल वापरावा. अट एकच, नेहमी तोच मॉडेल असावा. आज युरेथेन, उद्या आयोनोमर आणि परवा तळ्यातून काढून रंग दिलेला चेंडू असे खेळणाऱ्याच्या हातांना चिप किती धावेल याचा अंदाज कधीच बसत नाही, आणि कोणतेही फिटिंग त्यावर उपाय करू शकत नाही. पुन्हा रंगवलेले चेंडू तर तुलनेसाठी पूर्णतः निरुपयोगी आहेत, कारण रंगाचा जादा थर डिंपलांचा, म्हणजे चेंडूवरच्या खळग्यांचा, आकार बदलतो आणि डिंपल हेच चेंडूच्या उड्डाणाचे सुकाणू आहेत.

फिटिंग किती काळ टिकते, हा प्रश्न सेवा देणारे सहसा काढत नाहीत. टायटलिस्ट आपला प्रो व्ही१ साधारण दर दोन वर्षांनी नव्याने काढते. २०२१, २०२३ आणि २०२५ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, आणि २०२१ च्या आवृत्तीत तर डिंपलांची मांडणीच बदलून प्रो व्ही१ वर ३८८ आणि प्रो व्ही१एक्स वर ३४८ डिंपल आले. नाव तेच राहिले तरी चेंडू तोच राहत नाही. नवी आवृत्ती येताच जुन्याचा साठा सवलतीत मिळू लागतो, आणि आपला चेंडू एकदा ठरलेला असेल तर तो साठा घेण्यात शहाणपण आहे, कारण घन गाभ्याचे चेंडू घरातल्या सामान्य तापमानात, कडक उन्हात तापलेल्या गाडीत न ठेवता, वर्षानुवर्षे चांगले राहतात. त्यातले तीन कोरे चेंडू मात्र बाजूला काढून ठेवावेत. नवी आवृत्ती विकत घेण्यापूर्वी त्या तिघांना तिच्या शेजारी ठेवून ग्रीनच्या कडेवरून चिपच्या काही जोड्या मारल्या की पुन्हा फिटरकडे जायचे की नाही ते त्याच जागी कळते.